बदामाच्या नावानं चांगभलं

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आपण छाती काढून सांगतो आणि कशाबद्दल ते विचारलं की विषय बदलतो. आता निदान एक उत्तर तयार आहे. बदाम बटर. स्टेशन रोडपासून वसमत रोडपर्यंत कुठल्याही बऱ्या किराणा दुकानात जा, हिंगाच्या डब्या आणि उदबत्तीच्या पुड्यांच्या मधोमध ती बरणी बसलेली दिसेल. काचेचं अंग, सोनेरी झाकण, पोटावर टपोऱ्या बदामाचं चित्र. किंमत वाचून माणूस आधी चष्मा पुसतो आणि मग पुन्हा वाचतो. किंमत तीच असते.

घेणारे कोण म्हणाल तर जिमवाली पोरं आहेतच. सकाळी दंडाचा फोटो, त्याखाली 'मेहनत', आणि संध्याकाळी बापाच्या खिशातून बरणी. पण खरं गिऱ्हाईक वेगळंच आहे. शुगर निघालेले निवृत्त गुरुजी आणि 'नीट'ला बसलेल्या लेकराची आई. लातूरला क्लास लावला, खोली केली, डबा लावला, तरी मार्क हलेनात; मग कोणीतरी सांगतं, बदामानं स्मरणशक्ती वाढते. पूर्वी यासाठी रात्री पाच बदाम भिजत घालायचे. आता भिजवायला आणि सोलायला वेळ कुणाला आहे? बरणी आणली, चमचा बुडवला, पोरगं डॉक्टर.

खाऊ द्या बापडे. बदाम चांगलाच असतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण बरणीत नसलेल्या बदामाशी आहे.

बदामाशिवायचा बदाम पचवायची आपल्याला तशी जुनी सवय आहे. एप्रिल सरता सरता पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकला की चौकाचौकात बदाम शेकचे गाडे लागतात. पिवळाधमक, घट्ट, बर्फागत गार. आत दूध, साखर, कस्टर्ड पावडर, रंग आणि इसेन्स. वर तरंगणारे काप बदामाचेच निघाले तर समजावं, गाडेवाला धंद्यात नवा आहे. आपण दोन ग्लास रिचवून, मिशी पुसून 'काय बदाम घातलाय!' म्हणत घरी जातो. बरणी भरणाऱ्यानं आपल्याला इथंच ओळखलं.

एकदा दुकानात जरा बाजूला उभं राहून बरणी कशी विकली जाते ते ऐका.

"हे बदामाचंच हाय ना?"

"आवं काका, चित्र दिसंना का तुमाला?"

"तसं न्हाई, समदं बदामाचंच हाय का?"

"मंग काय दगडाचं ऱ्हातंय? लै चालायलंय सध्या. डॉक्टर लोक नेतेत."

डॉक्टर लोक नेतात म्हटल्यावर परभणीत पुढचा प्रश्न विचारायची पद्धत नाही. काका पैसे देतात. बरणी उलटी करून बघायची आठवण कोणालाच होत नाही. विकणाऱ्याला तर नाहीच नाही.

बरणी उलटी केली असती तर काय दिसलं असतं? मागच्या बाजूला, मुंगीनं चालत जाता जाता लिहिल्यासारख्या अक्षरात, घटकांची यादी. तीही बहुतेक इंग्रजीत, कारण कायद्यानं इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी पुरते. मराठी ही कंपनीच्या मर्जीची गोष्ट. पण ही यादी फार प्रामाणिक असते, तिला तसं असावंच लागतं. नियम असा आहे की जो घटक वजनानं सगळ्यात जास्त, त्याचं नाव सगळ्यात आधी, आणि मग उतरत्या क्रमानं बाकीचे. म्हणजे पुढच्या बाजूला भाषण आणि मागच्या बाजूला पंचनामा. आपण भाषण ऐकून टाळ्या वाजवून घरी येतो.

आता पंचनामा वाचू. पहिलं नाव 'शेंगदाणे', दुसरं 'साखर', तिसरं 'खाद्य वनस्पती तेल', कंसात 'पाम', आणि मग कुठंतरी लाजत लाजत 'बदाम' असं असेल, तर ती बरणी शेंगदाण्याची आहे. तिला बदामानं फक्त हजेरी लावली आहे. सरकारी भाषेत 'प्रमुख उपस्थिती'. अशी मिसळ विकणं बेकायदा नाही. पण चित्रानं किंवा शब्दानं एखाद्या घटकाचा गाजावाजा केला असेल, तर तो किती टक्के आहे हेही छापावं लागतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत हे स्पष्ट आहे. तो टक्का शोधा. दहा-बारा टक्के बदाम आणि पोटावर बदामाची अख्खी बाग, अशी बरणी हातात आली तर ती परत फळीवर ठेवताना काच फुटणार नाही एवढी काळजी घ्या, बाकी दया दाखवू नका.

चांगल्या बरणीची यादी इतकी छोटी असते की वाचायला चष्मा लागला तरी वेळ लागत नाही. बदाम. संपली यादी. फार तर पुढं मीठ. तिसरं नाव आलं की प्रश्न विचारायचा आणि ४७१ असा आकडा दिसला की ओळखायचं, तेल वर येऊ नये म्हणून हा पाहुणा आणला आहे. तो विषारी नाही. पण बदाम वाटला की बटर आपोआप होतं, त्याला पाहुण्याची गरज नसते. गरज दुकानदाराच्या फळीला असते.

'साखर नाही' हे वाक्य तर पुरतं मुरलेलं आहे. साखर नाही, पण गूळ आहे. गूळ नाही, तर मध आहे. मध नाही, तर खजुराचा पाक. शुगर असलेल्या गुरुजींच्या रक्ताला या सगळ्यांतला फरक कळत नाही, तो फक्त जाहिरात लिहिणाऱ्याला कळतो. म्हणून यादीशेजारचा पोषणमूल्यांचा चौकोनही वाचायचा. १०० ग्रॅम बदामात मुळातली साखर चार-पाच ग्रॅमच्या आसपास असते. बरणीवर अठरा दिसली की उरलेली कुठून आली, ते बदामाच्या झाडाला विचारू नका. शिवाय वरून घातलेल्या साखरेची ओळ वेगळी छापावी लागते; तिथं शून्य हवा. संपृक्त चरबी बदामात शंभराला चारच्या आसपास. आकडा आठ-नऊवर गेला तर पाम तेल आत बसून वाती वळतंय. मला विचाराल तर या चौकोनातल्या एवढ्या तीन ओळी वाचल्या तरी पुष्कळ. बाकीचे आकडे शोभेचे.

आता पैशाचा हिशेब. मोंढ्यात हयात गेलेल्या माणसाला हा शिकवावा लागू नये, पण काचेची बरणी पाहिली की आपलं गणित कच्चं होतं. किलोभर बदाम भाजून वाटला की किलोला थोडं कमीच बटर निघतं. हल्ली साधा बदाम किरकोळीत किलोला आठशे-हजाराच्या घरात. घाऊक घेणाऱ्याला तो स्वस्त पडतो हे धरलं, तरी वर भाजणं, दळणं, काच, वाहतूक, कर, दुकानदाराचा वाटा आणि दंड दाखवणाऱ्या पोराची जाहिरात. मग 'शुद्ध बदाम' म्हणवणारी बरणी किलोला पाचशेच्या भावात कशी बसते? कंपनी धर्मादाय असेल तर गोष्ट वेगळी. भाव ताडायला फार डोकं लावायचीही गरज नाही. पाकिटावर आता दर ग्रॅमची किंमत छापायची असते. ३४० ग्रॅमची बरणी आणि ९०० ग्रॅमची बरणी यांचा मेळ घालायला तोच आकडा बघायचा.

बदाम महाग का, तर तो येतो लांबून. जगातल्या बदामाचे पाचातले चार हिस्से एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात आणि तिथल्या बदामाचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक आपण आहोत. दोन सरकारांचं बिनसलं तेव्हा २०१९ मध्ये आपण कवच काढलेल्या बदामावरचं आयात शुल्क किलोला १०० रुपयांवरून १२० केलं, आणि २०२३ मध्ये गोडी झाल्यावर ते परत १०० वर आणलं. तिकडं दुष्काळ पडला तेव्हा एका बदामामागं साधारण चार लिटर पाणी लागतं हा हिशेब फार गाजला होता. जायकवाडीच्या आवर्तनाकडं डोळे लावून बसलेल्या जिल्ह्यानं तो नुसता वाचून सोडून द्यावा. तिथं आपला इलाज नाही.

कोणी 'मामरा बदामाचं बटर' म्हणून दुप्पट-तिप्पट मागितले तर द्यायचे का? मामरा इराण-अफगाणिस्तानकडचा, तेलाला जड, चवीला सरस. पण एकदा वाटल्यावर तो मामरा होता की साधा, हे सांगणारी जीभ परभणीत अजून जन्माला यायची आहे. मामरा खायचा तर अख्खा खावा. वाटलेल्याची साक्ष कोण काढणार?

आता सगळ्यात गमतीचा भाग. चांगली बरणी लोक दुकानात परत घेऊन येतात! 'खराब निघाली, वर तेल आलंय.' अहो, तेल वर येणं हीच तिच्या खरेपणाची सही आहे. बदामात निम्मी चरबी असते. वाटल्यावर ती सुटते, बरणी उभी राहिली की वर येते आणि गाळ खाली बसतो. तेल कधीच वर न येणारी, वर्षभर मलमासारखी घट्ट राहणारी बरणी दिसली तर तिला पाम तेलानं किंवा वनस्पती तुपाच्या भावंडानं धरून ठेवलेलं असतं. आपला मे महिना मात्र त्यांनाही पुरून उरतो. पाम तेल पस्तिशीच्या पुढं वितळतं आणि आपल्या स्वयंपाकघरात पत्र्याखाली दुपारी किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यामुळं एरवी शिस्तीत बसणारी बरणी परभणीत उन्हाळ्यात पातळ होते. कंपनीनं ती चाखून बघितली असेल, पण एसीत.

मग खऱ्या बरणीचं करायचं काय? आणल्यावर काही वेळ उलटी ठेवायची म्हणजे तेल परत गाळात शिरतं, मग तळापासून ढवळायची. वरचं तेल ओतून देणारे महाभाग आहेत. ते पैशाचा भाग ओततात आणि पेंड खातात. ढवळल्यावर उन्हाळ्यात फ्रिज, हिवाळ्यात फडताळ चालेल. चमचा कोरडा. भाजीत बुडवलेला चमचा तसाच बरणीत घालणाऱ्या घरात बुरशी वेगळं आमंत्रण मागत नाही. आणि उघडल्याबरोबर वास घ्यायचा. खवट वास ओळखायला परभणीकराला कोणी शिकवावं लागत नाही, जुन्या खोबऱ्यावर आपलं शिक्षण झालेलं आहे. म्हणून तारीखही बघायची. दुकानात उन्हाच्या झळीत वर्ष काढलेली बरणी सवलतीत मिळाली तरी नको.

यावर घरोघरच्या गृहिणी म्हणतील, एवढं सगळं करण्यापेक्षा घरीच का वाटू नये? वाटावं की. पाव-अर्धा किलो बदाम मंद आचेवर दहा-बारा मिनिटं परतायचे, पुरते गार होऊ द्यायचे आणि चटणीच्या भांड्यात घालायचे. आधी भुगा होतो. मग तो भुगा भांड्याच्या अंगाला चिकटतो, खरवडून काढावा लागतो. मग त्याचा गोळा होऊन पात्याभोवती गरगर फिरतो आणि आवाज असा येतो की शेजारीण डोकावते. इथं निम्मे लोक हरतात आणि पाण्याचा हबका मारतात. पाणी घातलं की खेळ खलास. तेल सुटत नाही, आणि राहिलेलं वाटण टिकत नाही. पाणी नको, धीर पाहिजे. मिनिटभर फिरवायचं, मिक्सरला दम खाऊ द्यायचा, पुन्हा फिरवायचं. मध्येच लाईट गेली तर तो विसावा वीजवाल्यांकडून फुकट. थोड्या वेळानं गोळा अचानक सैल होतो, चकाकतो आणि चमच्यावरून धार लागते. झालं. ही धार एकदा डोळ्यांनी पाहिली की दुकानातली बरणी ओळखायला लेबलही लागत नाही. वाटण्याआधी कडू दाणा तेवढा काढायचा. एक कडू बदाम सगळ्या घाण्याची चव घालवतो.

हे वाटून खाणं काही जिमवाल्यांनी शोधलेलं नाही, हेही सांगून टाकतो. अमेरिकेतल्या बॅटल क्रीक गावी आरोग्यधाम चालवणाऱ्या डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी १८९५ मध्ये दाण्यांचं असं वाटण करण्याच्या कृतीसाठी पेटंटचा अर्ज केला होता. कॉर्नफ्लेक्सवाले केलॉग ते हेच. पुढं त्याच देशात शेंगदाणा बटरमध्ये शेंगदाणा किती असावा यावर सरकार आणि कारखानदार यांच्यात १९५९ पासून बारा वर्षं जुंपली. सरकारला हवे होते ९५ टक्के, कारखानदारांना ८७, शेवटी तुटलं ९० वर. नव्वद की सत्त्याऐंशी, या तीन टक्क्यांसाठी तिथं सुनावण्यांचे गठ्ठे झाले. आपण टक्का छापलाय का हेसुद्धा बघत नाही.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. बदाम बटर म्हटलं की हे लगेच संस्कृतीच्या रक्षणाला उभे राहतात. 'शेंगदाणा हाच आपला बदाम! बदामापेक्षा ताकदवान!' असा निरोप पहाटे पाचला मोबाईलवर येतो, खाली सूर्य आणि गुलाब. यांचंही तपासून घेऊ. प्रथिनं शेंगदाण्यात जास्त, शंभर ग्रॅमला पंचवीस-सव्वीस ग्रॅम, बदामात एकवीस. उष्मांक जवळपास सारखे. इथवर निरोप खरा. पण ई जीवनसत्त्व बदामात तिप्पट, चोथा जास्त, कॅल्शियमही जवळजवळ तिप्पट. म्हणजे बदाम काही ढोंगी नाही. कॅल्शियमसाठीच खात असाल तर मात्र दोघांनाही घरी बसवा आणि तीळ आणा. बिनसोललेला तीळ या बाबतीत बदामाच्या तिप्पट-चौपट पुढं आहे, आणि तिळाची चटणी आपल्याकडं जेवताना कोणी मागत नाही, ती ताटात असतेच.

शेंगदाण्याच्या भक्तांनी एक आणखी ऐकून ठेवावं. शेंग काढल्यावर पाऊस लागला, नीट वाळली नाही, तशीच पोत्यात भरली की बुरशी धरते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर जातं आणि भाजल्यानं पुरतं मरत नाही. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे स्वस्त पडतात म्हणून कुटात घालायचे आणि वर बदामवाल्याला हसायचं, हे काही खरं नाही. दाणे निवडायला बसायला हवं. पूर्वी त्यासाठी सूप होतं, आता मोबाईल मांडीवर असल्यामुळं सुपाला जागा नाही.

रोजच्या खाण्याचा मुद्दा राहिलाच. सपाट मोठा चमचा म्हणजे १६ ग्रॅम, त्यात शंभरेक कॅलरी. रोज एक पुरे, अंगमेहनत करणाऱ्याला दोन. आपल्याकडं चमच्याची व्याख्या मात्र ढोबळ आहे. घेणारा 'एकच चमचा' म्हणतो आणि डाव बुडवतो. अशानं वजन वाढलं की दोष थायरॉईडला. खायचं कशावर, तर मल्टीग्रेन म्हणवणाऱ्या ब्रेडवर नाही. त्याचीही यादी वाचून बघा, पहिलं नाव बहुधा मैद्याचं निघेल. ज्वारीच्या भाकरीवर लावा. आपल्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीनं 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण काढलं आहे, लोह आणि जस्त जास्त असलेलं. कॅलिफोर्नियाचा बदाम नीट शोधून आणणाऱ्या माणसाला घरापासून हाकेच्या अंतरावरची ही ज्वारी शोधायला जड जाऊ नये. दाण्याची ॲलर्जी असलेलं लेकरू घरात असेल तर मात्र यातलं काहीच करू नका, आधी डॉक्टर.

माझा निकाल एवढाच. ऐपत असेल तर बदाम बटर खुशाल खा. यादीत बदाम आणि फार तर मीठ, वरून घातलेली साखर शून्य, वर तरंगणारं तेल आणि बदामाच्या भावाशी जुळणारी किंमत, एवढं जमलं की नाव कोणत्या कंपनीचं हे बघायची गरज नाही. ऐपत नसेल तर निवडलेले दाणे भाजून त्याच मिक्सरमध्ये वाटा. धार तीच लागते आणि खर्च बदामाच्या पाव हिश्श्याच्या आत बसतो.

आणि बरणीवर बदामाचं चित्र आहे पण टक्का कुठंच छापलेला नाही, अशी बरणी दिसली तर दुकानदाराशी भांडू नका, त्यानंही ती वाचलेली नसते. मागच्या बाजूचा फोटो काढा, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक फोटोत येईल असं बघा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. तिथं मराठीत बोलता येतं.